प्रायोगिक गुन्हेकथेत चित्रकाराने किती साक्ष द्यावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लहान प्रकाशन संस्थेने मुंबईत घडणाऱ्या प्रायोगिक गुन्हेकथेच्या सचित्र आवृत्तीचे काम एका तरुण चित्रकाराकडे दिले आहे. कादंबरीत गुन्हा घडला की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही आणि तपास करणाऱ्या माणसाच्या सांगण्यावरही विसंबता येत नाही. अशा पुस्तकात चित्र काढायचे तरी कशाचे, आणि अमेरिकी कादंबरीकार पॉल ऑस्टर यांच्या न्यूयॉर्क त्रयीच्या, म्हणजे तीन लहान कादंबऱ्यांच्या, ज्या चित्ररूप आवृत्तीचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते तिच्यापासून नेमके काय घ्यावे, असे त्या चित्रकाराने विचारले आहे. पुस्तकांची चित्रे आणि मांडणी करणे हा माझा व्यवसाय असल्याने उत्तर त्याच अंगाने देतो.

गुन्हेकथा वाचणारा माणूस पहिल्या पानापासून पुरावे गोळा करत असतो. सामाजिक कादंबरीत नायिकेच्या घराचे चित्र आले तर तो ते क्षणभर पाहतो आणि पुढे जातो. गुन्हेकथेत मात्र तो त्या घराची खिडकी उघडी आहे की बंद, टेबलावर पेले किती आहेत, घड्याळात किती वाजले आहेत हे तपासतो. म्हणजे चित्रकाराच्या मनात असो वा नसो, त्याचे चित्र साक्ष देऊ लागते. गद्याला ‘त्याला वाटले’, ‘बहुधा’, ‘असे म्हणतात’ या शब्दांची सोय आहे. एका वाक्यात घटना सांगून त्याच वाक्यात तिच्यावर संशय घेता येतो. चित्राला ही सोय नाही. दारात उभा असलेला माणूस काढला की तो दारात उभा होता हे ठरून जाते. म्हणून तुमच्या कादंबरीसारखे काम हातात घेताना कोणते प्रसंग चांगले दिसतील याची यादी आधी करू नये. कोणत्या गोष्टींबद्दल आपण साक्ष देणार नाही, हे लेखकाबरोबर बसून आधी ठरवावे. माझ्या मते या कामातील सर्वांत मोठा निर्णय तोच आहे आणि पुढचे जवळजवळ सगळे त्यातून निघते.

चित्राची साक्ष किती पक्की ठरते हे पाहायचे असेल तर लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकातील शेरलॉक होम्सच्या कथा पाहाव्यात. 1891 साली त्या मासिकातील एका कथेत होम्सच्या डोक्यावर घट्ट बसणारी कापडी टोपी आहे एवढेच कॉनन डॉइल यांनी लिहिले होते. मासिकाचे चित्रकार सिडनी पॅजेट यांनी ती पुढे-मागे झडप असलेली शिकारी टोपी म्हणून काढली, आणि तेव्हापासून जगभर होम्सची ओळख त्या टोपीने पटू लागली. त्या कथांचे यात काहीच बिघडले नाही, कारण त्यांत शेवटी एक सत्य असते आणि होम्स ते सर्वांसमोर मांडतो. चित्रकाराने वाटेतले काही तपशील पक्के केले तरी त्या सत्याला बाधा येत नाही. प्रायोगिक गुन्हेकथेत ते शेवटचे सत्यच काढून घेतलेले असते. तिथे पॅजेट यांची पद्धत, म्हणजे कथेतील सर्वांत नाट्यमय क्षण निवडून तो ठसठशीत काढणे आणि खाली त्या प्रसंगाचे वाक्य देणे, वापरली तर लेखकाने मोकळे ठेवलेले दार चित्रकार बंद करतो.

आता न्यूयॉर्ककडे येतो. त्रयीतील ‘सिटी ऑफ ग्लास’ 1985 मध्ये, ‘घोस्ट्स’ आणि ‘द लॉक्ड रूम’ 1986 मध्ये, लॉस एंजेलिसच्या सन अँड मून या लहान प्रकाशनाकडून प्रसिद्ध झाल्या. पहिल्या कादंबरीचा नायक डॅनियल क्विन हा टोपणनावाने रहस्यकथा लिहिणारा, बायको आणि मुलगा गमावलेला, एकटा राहणारा लेखक आहे. त्याला रात्री चुकीचा फोन येतो. पलीकडच्या माणसाला पॉल ऑस्टर नावाचा गुप्तहेर हवा असतो. पुन्हा फोन येतो तेव्हा आपणच ऑस्टर आहोत असे क्विन सांगतो. काम असे असते की पीटर स्टिलमन नावाच्या तरुणाला त्याच्या बापाने लहानपणी नऊ वर्षे अंधाऱ्या खोलीत कोंडले होते, माणसाच्या संसर्गावाचून वाढलेले मूल ईश्वराची भाषा बोलेल या कल्पनेपायी. तो बाप सुटून न्यूयॉर्कला येत आहे आणि त्याच्यावर पाळत ठेवायची आहे. क्विन पाळत ठेवतो, लाल वहीत नोंदी करतो आणि हळूहळू स्वतःच विरत जातो. खून होत नाही, कोणी पकडले जात नाही, आणि शेवटी हाती उरते ती वही.

तुमच्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की या कादंबरीच्या मूळ, चित्रांविना छापलेल्या आवृत्तीतही चित्रे आहेत. म्हातारा स्टिलमन रोज मॅनहॅटनच्या पश्चिम भागात, रिव्हरसाइड पार्क आणि ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यूच्या दरम्यान, उद्देश नसल्यासारखा भटकतो. क्विन त्याच्या प्रत्येक दिवसाच्या वाटेचा नकाशा वहीत काढतो आणि त्याला त्या आकृत्यांत इंग्रजी अक्षरे दिसू लागतात. ती जोडल्यावर ‘द टॉवर ऑफ बेबेल’ (बायबलमधील तो मनोरा, ज्याच्या बांधणीवेळी ईश्वराने माणसांच्या भाषा वेगळ्या केल्या) हे शब्द तयार होतील असा त्याचा तर्क आहे. मात्र पहिली चार अक्षरे त्याने नोंदी सुरू करण्यापूर्वीच निघून गेलेली आहेत आणि शेवटची दोन अजून चालून व्हायची आहेत. प्रत्यक्षात त्याच्याकडे मधली नऊच आहेत. ऑस्टर यांनी यांतल्या सुरुवातीच्या मोजक्या आकृत्या छापल्या आणि उरलेली अक्षरे शब्दांतच सांगितली. ही कंजूषी नीट अभ्यासावी. पहिली आकृती पाहताना ती अक्षरासारखी आहे असे वाटते आणि नाहीही असे वाटते. म्हणजे चित्र वाचकाला क्विनच्याच अडचणीत नेऊन सोडते. सगळी नऊ अक्षरे सुबक काढून दिली असती तर ते कोडे झाले असते आणि सुटलेही असते. आपणच तर ही अक्षरे कल्पिली नाहीत ना, ही क्विनची शंका त्या जागी मरून गेली असती.

या कादंबरीची चित्ररूप आवृत्ती 1994 मध्ये एव्हन प्रकाशनाच्या ‘निऑन लिट’ या मालिकेत आली. बॉब कॅलहन आणि आर्ट स्पीगलमन हे मालिकेचे संपादक होते. स्पीगलमन यांना दोनच वर्षांपूर्वी ‘माउस’ या चित्रकथेसाठी पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळालेला होता आणि चित्रकथेकडे साहित्य म्हणून पाहिले जाण्याचे दिवस नुकते सुरू झाले होते. रेखाटने डेव्हिड मझुकेली यांची, रूपांतर पॉल करासिक आणि मझुकेली या दोघांचे. मझुकेली त्याआधी डेअरडेव्हिल आणि बॅटमन यांच्या गाजलेल्या चित्रकथा करून त्या धंद्यातून बाहेर पडले होते, तेव्हा काळोख्या शहराचे नाट्यमय चित्र काढणे त्यांना अवघड नव्हते. अवघड होते ते त्या सवयीला आवर घालणे. कोपऱ्यावरचा दिवा, ओला रस्ता, वर केलेली कॉलर या ठरीव गुन्हेपटी सामग्रीने ऑस्टर यांची कादंबरी काढता आली असती, आणि मग ती कुठल्याही रहस्यकथेसारखी दिसली असती.

त्यांनी आधार धरला तो चौकटींचा. पान तीन ओळी आणि तीन स्तंभ असे नऊ समान चौकटींत विभागलेले आहे आणि ही जाळी पुस्तकभर पायाखालच्या फरशीसारखी राहते. कधी दोन-तीन चौकटी जोडून मोठे चित्र येते, पण जाळीची मापे मोडत नाहीत. वाचता वाचता लक्षात येते की ही जाळी म्हणजे क्विनच्या खोलीची खिडकी आहे, पीटरला कोंडलेल्या खोलीचे दार आहे, तुरुंगाचे गज आहेत आणि मॅनहॅटनचे रस्तेही आहेत. हा शेवटचा संबंध ओढूनताणून जोडलेला नाही. 1811 च्या आयुक्तांच्या आराखड्याने मॅनहॅटनवर 12 ॲव्हेन्यू आणि 155 आडव्या रस्त्यांची काटकोनी जाळी आखली आणि टेकड्या-ओढ्यांची फारशी पर्वा न करता ती प्रत्यक्षात उतरवली गेली. त्या जाळीत तिरका चालतो तो मुख्यतः ब्रॉडवे. स्टिलमनची अक्षरेही याच जाळीवर चालून काढलेली आहेत. शहराचे दृश्य नसतानाही शहराचा आकार प्रत्येक पानावर ठेवणे हे मझुकेली-करासिक यांचे मोठे यश आहे, आणि चित्र म्हणजे दृश्य ही आपली समजूत तिथेच सुटते.

दोन जागा विशेष पाहाव्यात. पहिली अगदी सुरुवातीची. न्यूयॉर्क हा न संपणारा भूलभुलैया आहे आणि क्विन त्यात चालत स्वतःला हरवू पाहतो, असे मजकूर सांगत असताना चौकटींत इमारती दिसतात. चौकटीमागून चौकट त्या इमारती सपाट होत चक्रव्यूहाच्या रेषा होतात आणि त्या रेषा पुढे बोटाचा ठसा होतात. ठसा म्हणजे गुन्हेकथेतील जुना, भरवशाचा मानला जाणारा पुरावा. इथे तो कोणाचा गुन्हा सिद्ध करतो? ज्याने शोध घ्यायचा त्याचाच ठसा, त्याच्याच काचेवर. मजकुरात नसलेली गोष्ट चित्राने आणली आहे, पण ती कथानकातील घटना म्हणून आणलेली नाही. क्विनच्या खोलीत खरोखर असा ठसा होता की नाही हा प्रश्न वाचकाला पडत नाही, कारण चित्र घटनेविषयी बोलतच नाही. ते विचाराच्या वळणाविषयी बोलते. साक्ष न देता अर्थ वाढवण्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

दुसरी जागा तरुण पीटर स्टिलमनच्या लांबलचक बोलण्याची आहे. मूळ कादंबरीत हे तुटक, पुनरुक्तीने भरलेले स्वगत पाने भरून चालते. साधारण रूपांतरकार अशा वेळी बोलणाऱ्याचा चेहरा वेगवेगळ्या कोनांतून काढत राहतो. इथे बोलण्याच्या फुग्याची शेपटी पीटरच्या तोंडात शिरते आणि आपण तिच्यामागोमाग त्याच्या घशात उतरतो. पुढे प्रत्येक चौकटीत ती शेपटी वेगळ्याच वस्तूच्या आतून निघते. होडीवाला, ग्रामोफोन अशा प्रतिमा येत जातात आणि अखेरीस खोल तळाशी पडलेल्या बाहुलीपर्यंत आपण पोहोचतो. आवाज माणसाचा असूनही त्याच्यामागे माणूस सापडत नाही, हे गद्याला वाक्यांच्या मोडतोडीतून साधावे लागले. चित्रकथेने ते फुग्याच्या शेपटीतून साधले. ज्या खुणेकडे वाचक कधी लक्षच देत नाही तिच्यावरच संशय निर्माण केला. प्रायोगिक गुन्हेकथेतील चित्रकाराने नेमके हेच करावे असे मला वाटते: संशयिताचे चित्र काढण्याऐवजी स्वतःच्या माध्यमालाच संशयित करावे. म्हणून कादंबरीच्या अखेरीस क्विन विरत जातो तेव्हा चौकटींची ती शिस्तही सैल होते, चौकटी एकमेकींपासून सुटतात आणि कलंडतात. तोपर्यंत जाळी इतकी काटेकोर पाळलेली आहे की तिचे सुटणे ही या पुस्तकातील सर्वांत भयंकर घटना ठरते.

या आवृत्तीचे कौतुक सर्वत्र आहे, म्हणून मला न पटणारी जागाही सांगतो. ग्रँड सेंट्रल स्थानकावर म्हातारा स्टिलमन गाडीतून उतरतो तेव्हा त्याच चेहऱ्याचा, पण उंची कपड्यांतला दुसरा माणूस क्विनला दिसतो. दोघे दोन दिशांना जातात आणि कोणाचा पाठलाग करायचा हे क्विनला कोणत्याही आधाराशिवाय ठरवावे लागते. तो क्षणभर दुसऱ्यामागे जातो आणि मग पहिल्याकडे वळतो. गद्यात हा प्रसंग वाचताना मनात एक बारीक शंका राहते की दुसरा माणूस खरोखर तितका सारखा होता की क्विनच्या नजरेने त्याला तसा केला. चित्रात दोन चेहरे काढावेच लागतात, आणि काढले की ते सारखे आहेत हे सिद्ध होते. मझुकेली यांचा यात दोष नाही. माध्यमाची ती मर्यादा आहे. पण तुमच्या कादंबरीत असा प्रसंग असेल आणि तुम्ही सलग चित्रकथा करत नसून मधूनमधून चित्रे देणार असाल, तर तुम्हाला त्यांच्याकडे नसलेले स्वातंत्र्य आहे: तो प्रसंग तुम्ही काढलाच नाही तरी चालते. ते स्वातंत्र्य वापरावे.

उरलेल्या दोन कादंबऱ्यांना चित्ररूप मिळायला तीन दशके लागली. 2025 मध्ये पँथियॉन प्रकाशनाने तिन्ही एकत्र छापल्या. तिन्ही रूपांतरांत करासिक आहेत. ‘घोस्ट्स’ची चित्रे लोरेन्झो मत्तोत्ती यांची आणि ‘द लॉक्ड रूम’ची स्वतः करासिक यांची. ऑस्टर 30 एप्रिल 2024 रोजी वारले, त्यामुळे पूर्ण झालेले पुस्तक त्यांना पाहता आले नाही. तीन कादंबऱ्यांना तीन हात देण्याचा निर्णय मला योग्य वाटतो, कारण त्रयीतील प्रत्येक कथा एकाच गोष्टीला वेगळ्या बाजूने भिडते. ‘घोस्ट्स’मधील पात्रांची नावे ब्लू, व्हाइट, ब्लॅक, ब्राउन अशी रंगांची आहेत. ब्लू नावाचा गुप्तहेर 1947 च्या फेब्रुवारीपासून ब्रुकलिनमधील एका खोलीत बसून समोरच्या खोलीत लिहीत बसलेल्या ब्लॅकवर पाळत ठेवतो. नावे अशी असल्यावर कोणताही उत्साही प्रकाशक रंगीत छपाईचा आग्रह धरेल. पण ब्लू निळ्या कोटात आणि ब्राउन तपकिरी कोटात आले की ती नावे पात्रांना शोभून दिसू लागतील, आणि माणसांना नावे किती मनमानीने चिकटवलेली असतात हा कादंबरीतील मुद्दा निघून जाईल. काळ्या-पांढऱ्या चित्रांत रंगांची नावे पोकळ राहतात आणि तेच हवे आहे. क्विनच्या लाल वहीचेही तसेच. संपूर्ण पुस्तक एका शाईत छापून वही तेवढी लाल करावी हा मोह प्रत्येक मांडणीकाराला होतो. मला तो स्वस्त वाटतो, कारण लाल रंग दिसताच वाचकाला ‘इथे उत्तर आहे’ असा इशारा जातो, आणि त्या वहीत उत्तर नाही.

आता कोणी म्हणेल की शहर महत्त्वाचे असेल तर रस्ते, दुकाने, पूल जसेच्या तसे काढायला नकोत का. काही पुस्तकांत जरूर हवेत. फ्रेंच लेखक लिओ माले यांनी 1950 च्या दशकात पॅरिसच्या एकेका प्रभागात एकेक गुन्हेकथा घडवण्याचा उपक्रम केला. वीसपैकी पंधरा प्रभाग पूर्ण झाले. त्यांतल्या तोल्बियाक पुलाजवळच्या कथेची फ्रेंच चित्रकार जाक तार्दी यांनी 1982 मध्ये चित्रकथा केली आणि तेराव्या प्रभागातील भिंती, रेल्वेचे रूळ, धुके हे सगळे स्थळदर्शक अचूकतेने काढले. ते योग्य होते, कारण माले यांच्या कथेत शहर हाच भरवशाचा साक्षीदार आहे. माणसे खोटे बोलतात, पत्ते खोटे बोलत नाहीत. ऑस्टर यांच्याकडे पत्ते खरे असूनही काही सिद्ध करत नाहीत. तुमच्या लेखकाचे शहर या दोनांपैकी कोणत्या जातीचे आहे हे हस्तलिखित पुन्हा वाचून ठरवावे. वाचकाने पुस्तक हातात घेऊन गिरगावात फिरावे अशी अपेक्षा असेल तर तार्दींच्या वाटेने जावे, छायाचित्रे घ्यावीत, पाट्या तपासाव्यात. तशी अपेक्षा नसेल तर ओळखीच्या इमारतींपासून दूर राहावे. मुंबईवरच्या पुस्तकात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा घुमट आणि मरीन ड्राइव्हचा कठडा आला की वाचक शहर पाहणे थांबवतो आणि नुसता ओळखतो.

आणि कृपा करून नऊ चौकटींची जाळी उचलू नये. ती मॅनहॅटनची आहे. मुंबई काटकोनी नाही. बेटे जोडत, भर घालत, उत्तर-दक्षिण ताणत वाढलेले हे शहर आहे आणि त्याचे आकार वेगळे आहेत. चाळीच्या समोरासमोरच्या गॅलऱ्या घ्या: प्रत्येक मजल्यावर सर्वांना सर्वांची दारे दिसतात, म्हणजे पाळत ही तिथे वेगळी करावीच लागत नाही. पानाच्या आडव्या पट्ट्या गॅलऱ्यांसारख्या रचल्या, तर एकाच क्षणी तीन मजल्यांवर काय चालले आहे हे दाखवता येते आणि कोण कोणाकडे पाहत आहे हे अनिश्चितही ठेवता येते. किंवा लोकलच्या खिडकीचे आडवे गज घ्या, ज्यांतून शहर कायम कापलेले दिसते. तुमच्या कथेत तपास कोणत्या वाटेने होतो त्यावर निवड ठरेल. एक आकार निवडावा, तो पहिल्या पानापासून कडक पाळावा आणि तो मोडण्याची जागा आधीच ठरवून ठेवावी.

चित्रकथा न करता सचित्र आवृत्तीच करायची असेल, तर चित्रांच्या जागेचा विचार चित्रांइतकाच करावा. जुन्या पद्धतीत चित्रे आर्ट पेपरवर वेगळी छापून दोन फर्म्यांच्या, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या जुडग्यांच्या, मध्ये घालत. सोळा पानी फर्मा असेल तर चित्र सोळा पानांच्या टप्प्यावरच पडते. प्रसंग बाराव्या पानावर असो की विसाव्या, त्याला इलाज नसतो. कादंबरी चरित्रात्मक असेल तर हे चालून जाते. गुन्हेकथेत मात्र चित्र प्रसंगाआधी आले की फोडलेल्या रहस्याचे खापर चित्रकारावर फुटते. म्हणून चित्रे मजकुराच्याच कागदावर, मजकुराबरोबर छापावीत आणि प्रत्येक चित्र उजव्या पानावर, म्हणजे पान उलटण्यापूर्वी दिसणारे हवे की डाव्या पानावर, उलटल्यावर दिसणारे हवे, हे एकेका चित्रापुरते ठरवावे. चित्राखाली मजकुरातील वाक्य छापू नये. ते छापले की चित्र त्या वाक्याची शपथ घेते. पुस्तकाच्या आरंभी चित्रांची सूची देण्याचाही शिष्टाचार आहे. या प्रकारच्या पुस्तकात तो टाळावा. किती चित्रे असावीत याला आकडा नाही, पण अंतर समान ठेवू नये. ठरावीक पानांनी चित्र येऊ लागले की वाचक त्याची वाट पाहू लागतो. सत्तर पाने काहीच नाही आणि मग सलग तीन चित्रे, अशी मांडणी या कथांना अधिक मानवते.

कच्ची रेखाटने छोट्या आकारात, संपूर्ण पुस्तकाची एकदम करावीत आणि लेखक-संपादकांना एकत्र दाखवावीत. एकेक चित्र पक्के करून मंजुरी घेत गेलात तर प्रत्येक चित्र सुंदर होईल आणि पुस्तक बिघडेल. लेखकाला प्रत्येक चित्राविषयी एकच प्रश्न विचारावा: या चित्रामुळे कोणती गोष्ट नक्की झाली? उत्तर ‘काहीच नाही’ किंवा ‘जी मला नक्की हवीच होती’ यांपैकी एक आले पाहिजे. करारात मजकूर बदलण्याचा हक्क कोणाकडे आहे हेही लिहून घ्यावे. सचित्र आवृत्तीत मजकूर जसाचा तसा राहतो. चित्रकथेत तो कापला जातो आणि ते रूपांतर ठरते, ज्याची परवानगी लेखकाकडून स्वतंत्रपणे घ्यावी लागते. लहान प्रकाशनांत हा फरक तोंडी राहतो आणि दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी वाद होतात.

छपाईविषयी थोडे, कारण काळ्या-पांढऱ्या पुस्तकाची सगळी मदार तिच्यावर आहे. रेषांची चित्रे पूर्ण आकारात 1200 डीपीआयला (इंचामागे ठिपके), बिटमॅप म्हणजे निव्वळ काळ्या-पांढऱ्या स्वरूपात स्कॅन करावीत. करड्या छटांची असतील तरच 300 डीपीआयचे ग्रेस्केल चालते. दोन्हींची सरमिसळ केली तर काळ्या रेषेच्या कडा ठिपक्यांत फुटतात. मोठे भरीव काळे भाग असलेले पान 70 जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम) वजनाच्या मॅपलिथो या साध्या छपाईच्या कागदावर छापले की मागच्या पानावर सावली उमटते, आणि मजकुरावर पडलेली अशी सावली वाचक खूण समजू शकतो. मी हे एका पुस्तकात घडलेले पाहिले आहे. निदान 90 जीएसएमचा, अपारदर्शकता चांगली असलेला कागद मागावा. अनकोटेड, म्हणजे लेप नसलेल्या, कागदावर शाई पसरते, म्हणून काळ्यातून सोडलेल्या पांढऱ्या रेषा कागदावर काढताना वाटतात त्याहून जाड ठेवाव्यात. डेमी (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंची) आकारात तीन स्तंभांच्या चौकटी करण्याचे मनात असेल तर आधी मोजून पाहावे: समास वजा जाता एका चौकटीला जेमतेम दीड इंच रुंदी मिळते आणि देवनागरीत वाचनीय आकाराचे दोन-तीनच शब्द एका ओळीत बसतात. वर वेलांट्या, खाली उकार असल्यामुळे ओळींमधील अंतरही रोमन लिपीपेक्षा जास्त लागते. फुगे चित्राचा निम्मा भाग खातील. क्राउन चतुर्थांश (क्राउन 1/4) किंवा त्याहून मोठा आकार घ्यावा, नाहीतर स्तंभ दोनच ठेवावेत.

मुखपृष्ठ सर्वांत शेवटी करावे आणि तिथे वरचे बहुतेक नियम सैल सोडावेत. 2006 च्या पेंग्विन आवृत्तीसाठी स्पीगलमन यांनी त्रयीचे मुखपृष्ठ स्वस्त रहस्यकथांच्या जुन्या मुखपृष्ठांच्या थाटात केले. ते चालते, कारण मुखपृष्ठावर वाचक अजून तपासाला लागलेला नसतो. तिथली साक्ष तो जाहिरात म्हणून घेतो. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची भडक मुखपृष्ठे पाहिलेल्या मराठी वाचकाला तो थाट ओळखायला वेळ लागणार नाही, आणि आतले पुस्तक वेगळेच निघाल्यावर झालेली फसवणूकही त्याला समजेल. फक्त मुखपृष्ठावर आलेला चेहरा आतल्या एकाही चित्रात पुन्हा काढू नये, आणि मलपृष्ठावरच्या मजकुरात ‘खुनाचा थरारक शोध’ असे शब्द घालायला प्रकाशकाला देऊ नये.